आधी वास घे

उचल, नाकाशी धर आणि वास घे. गोगलगाय दोन दिवस जागची हलली नाही म्हणून घरात धाकधूक सुरू झाली की पहिलं काम हेच, बाकीचं सगळं मागाहून. मेलेल्या पाणगोगलगाईचं मांस दिवसाभरात कुजायला लागतं, आणि मग असा भपकारा येतो की मासळीबाजारात वाढलेल्या माणसानंही मान फिरवावी. जिवंत असेल तर टाकीतल्या पाण्याचा आणि जरासा शेवाळाचा वास येईल, त्यापलीकडे काही नाही. घाण मारत नसेल तर तुझ्या लेकाची गोगलगाय, त्याचा लाडका मोदक, शाबूत आहे. तेवढं त्याला सांग आणि झोपव.

हे मी अधिकारानं सांगतेय बरं का. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. त्या काळी बी.एस्सी.च्या पोरांना मृदुकाय प्राणी शिकवायचे म्हणजे ‘पायला ग्लोबोसा’ ठरलेली. पुस्तकात पायला, ट्रेमध्ये पायला, परीक्षेतही पायला. तुला दुकानात ‘मिस्ट्री स्नेल’ म्हणून दिली ती तिची दक्षिण अमेरिकेतली चुलत बहीण, पोमेसिया डिफ्यूजा, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. दोघींचं कूळ एक, ॲम्प्युलारिडी, म्हणून खोडीही पुष्कळ मिळत्याजुळत्या.

काचेला चिकटलेली असेल तर ओढू नकोस. शंख दोन बोटांत धरून हलकेच बाजूला सरकव, ती आपण होऊन पकड सोडते. हात लावण्याआधी साबण, क्रीम, डासांचं मलम सगळं साध्या पाण्यानं खळखळून धुऊन टाक. आणि नंतर मात्र साबणानं धू, लेकालाही धुवायला लाव. या कुळातल्या गोगलगाईंच्या अंगात उंदराच्या फुफ्फुसातला एक जंत वाढू शकतो, अँजिओस्ट्राँगायलस त्याचं नाव, आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. टाकीतच जन्मलेल्या गोगलगाईकडून हा धोका फारच कमी. पण पोराची बोटं सतत तोंडात असतात.

वास घेऊन झाला की झाकण बघ. पायाच्या मागच्या अंगाला तपकिरी चकती असते ना, आत शिरल्यावर तीच दाराला लागते. पायलाचं झाकण चुन्याचं, टणक असतं; तुझ्या पोमेसियाचं पातळ, शिंगासारखं आणि जरा लवणारं. ते घट्ट बसलेलं असेल तर निश्चिंत राहा, कारण ते स्नायूच्या जोरावरच घट्ट राहतं आणि मेलेल्या जिवाला जोर कुठला? गेलेल्या गोगलगाईचं झाकण सैल पडतं, कधी नुसतं लोंबतं, अंग शंखाबाहेर ओघळतं आणि टोचलं तरी आत जात नाही. संशय आला तर कापसाच्या काडीनं पायाला हळूच स्पर्श कर आणि थांब. ती सावकाश आकसेल. आपण कोळंबीसारखी चपळाई अपेक्षित धरतो, तिथेच घोटाळा होतो.

झाकण नखानं उचकटून आत डोकवायचं नाही. हे मी जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा कुणीतरी तेच केलं. ते झाकण ज्या स्नायूला जोडलेलं असतं तो थेट शंखाच्या मधल्या खांबापर्यंत गेलेला असतो. तो फाटला की पुढे इलाज नाही. ‘जिवंत आहे का बघत होतो’ म्हणणाऱ्यांनी अशा जिवंत गोगलगाई मारलेल्या आहेत.

तरंगत असेल तर? तरंगू दे. हिला एका बाजूला कल्ला आणि दुसऱ्या बाजूला फुफ्फुस, दोन्ही असतं. पृष्ठभागाशी येऊन डाव्या बाजूची नळी बाहेर काढते आणि हवा ओढताना शंख चक्क वरखाली हलतो. कधी हवा जास्त भरून राहते, मग बाई दिवसभर पाण्यावर फुग्यागत हिंडतात. पाय टेकायला जागा मिळेना असं वाटलं तर एखाद्या रोपाशी किंवा काचेशी नेऊन सोड. पाठीवर उलटी पडलेली दिसली तर सुलटी कर. नेराइट जातीच्या छोट्या गोलसर गोगलगाईंना तर उलटं पडल्यावर स्वतःचं स्वतःला सावरणं फार जड जातं.

आता माझी टिकलीची युक्ती. रात्री दिवे घालवण्याआधी ती जिथे असेल तिथे काचेच्या बाहेरच्या अंगाला एक टिकली चिकटव. सकाळी टिकलीपासून चार बोटं सरकलेली असली तरी विषय संपला. ही जात उजेडापेक्षा अंधारात जास्त फिरते, आणि तू सकाळी सातला कामाला जातेस नि रात्री आठला येतेस. तुझ्या पाहण्यातले तास आणि तिचे फिरण्याचे तास जुळतच नाहीत. नेराइट तर एकाच दगडाला दिवसेंदिवस चिकटून राहते नि मग एका रात्रीत टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोचते. टिकली नसेल तर मार्करचा ठिपका चालेल. लेकाला मात्र टिकली आवडेल.

झोपही तिची आपल्यासारखी नाही. 2011 साली टोरांटो विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफनसन आणि व्हर्न लुईस यांनी तळ्यातल्या लिम्निया गोगलगाईची झोप मोजली. ती दिवसरात्रीच्या चक्राला बांधलेली निघाली नाही. 13 ते 15 तासांच्या टप्प्यात सातेक डुलक्या, आणि मग 33 ते 41 तास सलग जागरण, असा तिचा हिशेब. लिम्निया वेगळ्या कुळातली आहे, म्हणून तेच आकडे मोदकला लावू नकोस. पण दुपारी चारला पाय सैल, शिंगं लुळी आणि शंख अंगापासून थोडा सुटून खाली आलेला दिसला, तर ती आजारी आहे असं धरून चालायचं कारण नाही.

आणि दार लावून बसणं हे या कुळाचं पिढीजात कसब. भाताचे खाचर आटले की आपली पायला चिखलात उतरते, झाकण लावते आणि पुढच्या पावसापर्यंत न खातापिता पडून राहते. आमच्या सामानाच्या खोलीत कोरड्या खोक्यात ठेवलेल्या पायला मी परातभर पाण्यात सोडायची, आणि नव्यानं आलेला शिपाई तोंडात बोट घालून बघत राहायचा. थोड्याच वेळात एकेक दार किलकिलं व्हायचं. मोदकला एवढा दम नाही, त्याची जात बारमाही पाण्यातली. तरी दुकानातून पिशवीत बसून आलेली गोगलगाय घरी आल्यावर एक-दोन दिवस दार लावून बसली तर त्यात काही वावगं नाही. पिशवी तशीच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घालत जावं, तासाभरानं गोगलगाय तेवढी सोडावी. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही.

आता खरं काय ते ऐक. गोगलगाय आपल्या मनानं रुसत नाही. नेहमी फिरणारी गोगलगाय अचानक दार लावून बसली, तर तिला न विचारता पाण्याला विचार. गेल्या तीन-चार दिवसांत पाण्यात काय बदललं, हा प्रश्न स्वतःला विचारायचा आणि उत्तर सापडेपर्यंत गोगलगाईला हात लावायचा नाही. मी पाहिलेल्या बहुतेक गोगलगाई आजारानं कमी आणि काळजीवाहू माणसांच्या उपचारांनी जास्त गेल्या.

सगळ्यात आधी थंडी. साधारण 22 ते 27 अंश हे तिच्या सुखाचं तापमान. ठाण्याला तुला प्रश्न येणार नाही, पण तुझ्या नाशिकच्या नणंदेकडे डिसेंबर-जानेवारीत हीटर नसलेली टाकी 20 अंशांच्या खाली जाऊ शकते, आणि मग गोगलगाय बसून राहते. हीटर लाव, पण एकदम पाच-सात अंश चढवू नकोस. दिवसाला एक-दोन अंश पुरे. उलट विदर्भातल्या मे महिन्यात पाणी इतकं तापतं की त्यात प्राणवायूच टिकत नाही. तेव्हा गोगलगाय सारखी वर येऊन नळीनं श्वास घेताना दिसेल. एअर पंप चालू ठेव, टाकी खिडकीपासून दूर घे. टाकीखाली चूल पेटवावी तशी भर उन्हाच्या खिडकीत टाकी ठेवणारे लोक मला कळतच नाहीत.

मग टँकर. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. पालिकेचं पाणी धरणातलं, पावसाचं साठलेलं, मऊ. मुंबईचं भातसा-तानसा-वैतरण्याचं काय आणि पुण्याचं खडकवासल्याचं काय, त्यात चुना-मॅग्नेशियम बेताचंच. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि टँकरवाला बोअरचं पाणी आणतो, ते जड. नळ तोच, बादली तीच, म्हणून तुला पत्ता लागत नाही. पण टाकीतलं निम्मं पाणी त्या दिवशी बदललंस तर गोगलगाईच्या लेखी रातोरात गाव बदललं. जड पाणी तिला मानवतं, उलट चांगलंच. सोसत नाही तो धक्का. म्हणून पाणी आठवड्याला पाव हिश्शाहून जास्त बदलू नये, आणि टँकरच्या दिवसांत त्याहूनही कमी, दोन-तीनदा करून. क्लोरीन मारायचे थेंब घालायला विसरायचं नाही. पालिकेच्या पाण्यालाही आणि टँकरच्याही, कारण काही टँकरवाले हातानंच ब्लीचिंग पावडर ओततात.

‘फिल्टरचं शुद्ध पाणी घालते’ असं अभिमानानं सांगू नकोस. आरओचं पाणी म्हणजे त्यातला चुना काढून घेतलेलं पाणी. तिला शंख बांधायचा आहे, आणि तू तिच्या विटाच काढून घेतल्यास. आमच्या कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणीही असंच. प्यायला गोड, पण मऊ आणि किंचित आंबट. त्यात मिस्ट्री स्नेलचा शंख टोकापासून पांढरा पडत झिजतो, खड्डे पडतात.

आता तांबं. इथे जरा नीट लक्ष दे, कारण मराठी घरात हा धोका देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे आहे. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी आपण सकाळी पितो, आणि त्यात काही वाईट नाही. बंगळूरच्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं की तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्याला घालून दिलेल्या मर्यादेच्या आत राहतं. ती मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम. आपल्याला 2 मिलिग्रॅम चालतं. गोगलगाईला त्याचा लहानसा अंशही बाधतो. गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या रक्तात तांबं असतं. आपल्या रक्तात लोह प्राणवायू वाहतं, तिच्या रक्तात ते काम हिमोसायनिनमधलं तांबं करतं. तरी बाहेरून आलेलं तांबं तिला विष. इजिप्तमध्ये बिलहार्झियाचा रोग पसरवणाऱ्या गोगलगाई मारायला कालव्यांत मोरचूदच घालत असत. आपल्या वाडीत पावसाळ्याच्या तोंडावर पोफळीवर बोर्डो फवारतात, त्यातलं निळं तेही मोरचूदच.

तेव्हा कळशीतलं पाणी टाकीत नाही. देवाच्या तांब्यातलं तीर्थ नाही. तळाला नाणं टाकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की दुकानदार काउंटरखालून काढून देतो ती रंगीत बाटली डोळे मिटून ओतायची नाही. बाटलीवर ‘कॉपर सल्फेट’ लिहिलेलं असेल किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर दोन्हीचा अर्थ सारखाच घ्यायचा. औषध द्यायची वेळ आलीच तर गोगलगाय आधी वेगळ्या बादलीत काढ, त्याच टाकीचं पाणी, छोटा एअर पंप, वर जाळी. औषध संपल्यावरही लगेच परत सोडू नकोस. वाळूत, दगडांत तांबं मुरून बसतं. फिल्टरमध्ये कोळसा घालून, दोन-तीन आठवडे थोडं थोडं पाणी बदलून मग सोड. मीठ घालायची चाल आहे तीही माशांपुरती. गोगलगाय त्या टाकीत नको.

सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील किंवा घरात डासांचा स्प्रे मारणार असाल, तर टाकीवर ओला टॉवेल घाल आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेव. तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, औषधासकट. आधी मासे जातील, मग मेलेल्या माशांनी पाणी बिघडून गोगलगाय.

टाकी नवी आहे का? सहा आठवड्यांच्या आतली असेल तर बाकीचं सगळं सोड आणि अमोनिया तपास. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर गोगलगाय आणूच नये. दुकानातला माणूस ‘टाकी साफ ठेवते’ म्हणून पहिल्याच दिवशी गळ्यात मारतो. ती शेवाळ खाते, उरलेलं अन्न खाते, कबूल; पण जे खाते त्याची घाण तीही करतेच, आणि मुक्त हस्तानं करते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. थेंबांचा किट घे, पट्ट्यांवर माझा विश्वास नाही. चहाच्या टेबलावरच्या वाडग्यात ठेवली असशील तर काढ. एका मिस्ट्री स्नेलला वीसेक लिटर पाणी तरी हवं.

शंखाबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण मला तिथेच जास्त रस आहे. फोटो पाठवलास त्यात टोकाशी दोन पांढरे चट्टे आहेत. ते भरून येत नाहीत, त्यांच्याकडे बघू नकोस. बघायची ती ओठाकडची नवी वाढ. दाराच्या काठाला शंखाचा नवा पट्टा येतो, तो गुळगुळीत आणि टणक येतोय की कागदासारखा पातळ, फाटका येतोय? नवा पट्टा चांगला असेल तर जुन्या चट्ट्यांचं काही नाही. पातळ येत असेल तर पाण्यात चुना कमी आहे. पीएच 7 च्या वर, साडेसातच्या आसपास राहिला पाहिजे आणि कडकपणा जर्मन मापानं 8 अंशांच्या खाली नको.

त्यासाठी दुकानातून काही आणायची गरज नाही. अंड्याची टरफलं उकळून, आतली पातळ साल काढून, चुरून एका छोट्या जाळीच्या पिशवीत टाकीत टाक. किंवा समुद्रफेस घाल. माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हाड ग, पावसाळा संपला की आपल्या किनाऱ्यावर वाहून येतं आणि लहानपणी तुम्ही पोरं त्याच्या होड्या करायचात. पुढच्या खेपेला येशील तेव्हा पिशवीभर नेशील. गोड्या पाण्यात दोन दिवस भिजव, पाणी बदलत राहा, एकदा उकळ, आणि मग टाक. आधी तरंगतं, मग भिजून बुडतं. गोगलगाई ते खरवडून खातातसुद्धा. पोवळ्याचे तुकडे मात्र विकत घेऊ नकोस. खडकाळ पोवळी वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत.

चुन्याची निवळी? नको. तुझी आजी अंगात कॅल्शियम यावं म्हणून ती सगळ्यांना पाजायची, म्हणून विचारशील हे मला कळतं. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो. चमचाभरानं छोट्या टाकीचा तोल जातो आणि अंग भाजून निघतं. टरफल विरघळतं ते पाण्याला हवं तेवढंच, म्हणून टरफल.

आता खाण्याची परीक्षा, ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते. काकडीची चकती किंवा दोडक्याचा तुकडा दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून मऊ कर, गार होऊ दे, आणि रात्री मोदकच्या शेजारी ठेव. सकाळी कडा कुरतडलेल्या असतील तर तू झोपलेली असताना तो जेवलाय. नाही खाल्लं तर तुकडा सकाळी काढून टाक, टाकीत कुजवू नकोस, आणि पुढच्या रात्री दुसरं काही. दुधी, गाजर, उकडलेला मटार सोलून, वाफवलेला शेवग्याचा पाला, सगळं चालतं. पालक कधीमधी, त्यातलं ऑक्झॅलेट चुना बांधून ठेवतं, म्हणून रोज नको. भाजी तीनतीनदा धुवायची. आपल्यासाठी धुतेस त्याहून जास्त, कारण त्यावरची कीटकनाशकं तू पचवशील, ती नाही पचवणार. दुकानातलं माशांचं खाद्य पाण्यावर टाकलंस तर एक तमाशा बघायला मिळेल. काचेच्या कडेशी येऊन ही मंडळी पायाचा चोंगा करतात आणि पृष्ठभागावरचं खाद्य त्यात ओढून घेतात. लेकाला दाखव. त्याला ते कार्टूनपेक्षा आवडेल.

शेजारी कोण आहेत हेही बघ. फायटर, टायगर बार्ब, लोच यांना तिची लांब लांब शिंगं म्हणजे गांडुळं वाटतात, चावा घेतात. मग ती दिवसभर आत बसते. शिंगं पुन्हा येतात, पण त्रास देणारा मासा तसाच राहिला तर ती कधी बाहेर येणार? गप्पी, मॉली, छोट्या टेट्रांचा त्रास नाही. दोन गोगलगाई एकमेकींवर तासन्तास बसलेल्या दिसल्या तर ती मारामारी नव्हे, सोडवायला जाऊ नकोस.

गोगलगाय टाकीतच नाही असंही होईल. झाकणाला फट असेल तर रात्री बाहेर पडते. सोफ्याखाली, पडद्यामागे, केराच्या टोपलीमागे शोध. दार लावून पडली असेल तर दिवसभरसुद्धा तग धरते. टाकीच्या पाण्याच्या उथळ ताटलीत ठेव, खोल पाण्यात नको, आणि तिला तिच्या वेळेनं उघडू दे.

वयही असतं गं. मिस्ट्री स्नेल वर्ष-दोन वर्षं जगते, गरम पाण्यात त्याहूनही लवकर उरकते. दुकानात मोठा, टपोरा शंख बघून घेतलास तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य झालेलं असणार. पुढच्या वेळी छोटी घे. दुकानाच्या काचेवर चढलेली, शिंगं बाहेर काढलेली घे. तळाशी दार लावून बसलेली ‘झोपलीये ताई’ म्हणून देतील ती नको. म्हातारी गोगलगाय हळूहळू कमी खाते, कमी फिरते, एका जागी राहते. पाणी ठीक आहे, शंख ठीक आहे, वास नाही, तरी दिवसेंदिवस मंद होत चालली, तर ते तेवढंच असतं. त्यावर औषध शोधत दुकानं पालथी घालू नकोस.

गेलीच तर लगेच बाहेर काढ. एक मोठी गोगलगाय छोट्या टाकीत रात्रभर कुजली तर अमोनिया चढून सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतात. काढ, तिसरा हिस्सा पाणी बदल, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. लेकाला ‘फिरायला गेली’ वगैरे सांगू नकोस. मेली म्हणून सांग. कुंडीत खोल पुर, नाहीतर मांजर उकरेल.

राहता राहिली अंडी. एखाद्या सकाळी पाण्याच्या रेषेच्या वर काचेला गुलाबी दाण्यांचा घोस चिकटलेला दिसेल. नर टाकीत नसला तरी दिसेल, कारण मादी महिनोन्महिने बीज साठवून ठेवते. दोन ते चार आठवड्यांत त्यातून शेकडो पिल्लं निघतील, आणि तुला ती कुणी घेणार नाही. मग कुणीतरी शहाणा सुचवेल, ठाण्याच्या मासुंदा तलावात सोडून ये. अजिबात नाही. हिची मोठी बहीण पोमेसिया कॅनॅलिक्युलाटा 1980 च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून अर्जेंटिनाहून तैवानला नेली. तिथून ती फिलिपिन्समध्ये पोचली आणि तिथल्या भातशेतीवर घाला पडला. अजूनही ती आग्नेय आशियातली भाताची मोठी कीड आहे. युरोपीय संघानं 2012 साली सगळ्या पोमेसियांनाच बंदी केली. तुझी डिफ्यूजा कोवळ्या भाताला तेवढी हानिकारक नाही, पण श्रीलंकेतल्या पाणथळ जागी तीही पसरलेली आहे, आणि आपल्या पायलाच्या तळ्यात तिचं काही काम नाही. तेव्हा घोस ओला असतानाच अलगद सुटा कर, बंद डब्यात घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेव आणि मग ओल्या कचऱ्यात टाक. डब्यावर चिठ्ठी मात्र लाव. तुझ्या सासूबाईंना ते स्ट्रॉबेरीचं काहीतरी वाटायचं.